खरखरीबरोबर तानपुराही गेला!

माळ्यावरच्या तबकड्या खाली उतरवून त्यांतले गाणे संगणकात भरून ठेवण्याचा उद्योग हल्ली पुष्कळ घरांत चालू आहे. उद्योग चांगलाच. तबकडी तडकते, वाकते, घर बदलताना हरवते. संगणकातली प्रत परदेशातल्या मुलाबाळांनाही पाठवता येते. तक्रार आहे ती त्यानंतरच्या ‘सफाई’बद्दल.

गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने ख्यालगायनाची एक एलपी अशीच धुऊन काढली. पाण्याने नव्हे, सॉफ्टवेअरने. ‘‘मामा, एवढी खरखर तुम्ही इतकी वर्षे ऐकलीत तरी कशी?’’ ऐकायला बसलो. खरखर गेली होती खरी. पण तानपुराही गेला होता, आणि बुवा जणू पाण्याच्या टाकीत बसून गात होते.

असे का व्हावे? तबकडीतला नको असलेला आवाज दोन जातींचा. ओरखड्याची ‘टक्‌टक्‌’ क्षणभराची असते. सॉफ्टवेअर ती नेमकी हेरते आणि आजूबाजूच्या आवाजावरून ती जागा रफूगारासारखी भरून काढते. हे काम बहुधा बेमालूम होते. अखंड चालणाऱ्या खसखशीचे तसे नाही. तिचा नमुना आधी सॉफ्टवेअरला द्यावा लागतो. मग त्या पातळीच्या आसपास जे जे हळू वाजते, ते ते दाबले जाते. तानपुऱ्याचा झंकार, ‘स’काराची धार, गायकाने घेतलेला श्वास ही सारी मंडळी त्याच पातळीवर वावरतात. त्यातून भाच्याने नमुना उचलला तो गाण्याच्या सुरुवातीचा, म्हणजे तानपुरा सुरू झाल्यावरचा! संगणकाने तानपुऱ्यालाच खरखर मानले, यात त्याचा काय दोष?

खरे तर निम्मे काम सॉफ्टवेअरच्या आधीच होते. एलपी डिस्टिल्ड वॉटरने, मऊ फडक्याने, लेबल न भिजवता पुसावी. (७८च्या जुन्या तबकड्यांना स्पिरिट मात्र लावू नये. त्या लाखेच्या, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांची खाचही एलपीच्या मानाने बरीच रुंद, म्हणून सुईही वेगळी लागते.) आणि काहीही करण्यापूर्वी जशी वाजली तशी एक प्रत बाजूला ठेवावी. आज आपल्याला कचरा वाटते ते उद्या हवे असू शकते. १९०२ पासून कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे करणारी गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगे. ते गाणे नव्हे म्हणून कोणी कापले असते तर?

ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जे काढले जाणार आहे तेवढेच ऐकण्याची सोय आहे. भाच्याला ते ऐकवायला लावले. खसखशीच्या आत तानपुरा व्यवस्थित वाजत होता. कच्ची प्रत त्याने ठेवलेली नव्हती, म्हणून एलपी पुन्हा लावली. या वेळी नमुना तानपुऱ्याआधीच्या कोऱ्या खाचेतला घेतला आणि सफाई सहा डेसिबलवर थांबवली. थोडी खरखर उरली आहे. अजून काढता येईल, असे भाचा म्हणतो. आम्ही नको म्हटले.