पंख्यावाचून थंडावा

वैशाखातील पहाट. मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड या गावापाशी एखादा साध्वीसंघ विहार करीत येतो, तेव्हा रात्रभर निवलेले डांबर अनवाणी पावलांना सोसवण्याजोगे असते. नऊ वाजता तेच डांबर चटके देऊ लागते. शिरपूरच्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या परिसरात पायी येणाऱ्या त्यागीवृंदाला हा अनुभव नवा नाही. अवघड भाग पुढेच सुरू होतो. मुक्कामासाठी जी खोली दिली जाते, तिचे छत बहुधा सिमेंटच्या पातळ स्लॅबचे असते, उंची बेताची असते आणि सरकत्या काचेची खिडकी नेमकी पश्चिमेला असते. श्रावक संकोचाने पंख्याच्या बटणाकडे पाहतो. पण वायुकाय आणि तेजस्काय जीवांच्या विराधनेपासून दूर राहण्याचे व्रत घेतलेल्यांना पंखा चालत नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. अशा वेळी त्या वास्तूच्या भिंती आणि छत एवढाच त्यांचा आधार असतो.

विजेवाचून थंड राहणारी वास्तू कशी बांधावी, हा प्रश्न म्हणूनच जैन समाजाला परका नाही. तो जितका उपाश्रयाचा आहे, तितकाच घराचा, दुकानाचा आणि गावाचा आहे. वाशीम जिल्हा वाळवंट नव्हे. येथे वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला तो २०० मिलिमीटरच्या आसपास असतो. परंतु चैत्र-वैशाखातील दोन-अडीच महिने वऱ्हाडची हवा वाळवंटासारखीच कोरडी आणि तापलेली असते. पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो आणि विहिरी तळ गाठतात. या काळात उपयोगी पडेल अशी विद्या वाळवंटातील नगरांनी फार पूर्वीच सिद्ध करून ठेवली आहे, आणि तिच्या जडणघडणीत जैन व्यापाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

जैसलमेर ११५६ मध्ये वसले. उंट-काफिल्यांच्या मार्गावरील या नगरात ज्या श्रेष्ठींनी संपत्ती मिळवली, त्यांत जरीकाम आणि सोन्या-चांदीच्या व्यापारामुळे नावारूपास आलेले पटवा हे जैन घराणे अग्रणी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी उभारलेल्या पाच हवेल्या आज प्रवाशांचे आकर्षण आहेत. त्यांच्या दगडी जाळीवरील नक्षी पाहून लोक थक्क होतात. पण त्या नक्षीला कामही नेमून दिलेले आहे. सपाट भिंतीवर ऊन सर्वत्र सारखे पडते, तर कोरीव भिंतीचे उंचवटे स्वतःच्याच खोलगट भागांवर सावली धरतात. पुढे आलेले झरोके खालच्या मजल्याला छत्रीसारखे झाकतात. घरे एकमेकांना खेटून असल्यामुळे बाजूच्या भिंतींना ऊन लागतच नाही. गल्ली इतकी अरुंद, की दुपारचा थोडा वेळ सोडला तर तिच्या एका कडेला सावली मिळतेच. किल्ल्यातील जिनालयाच्या तळघरात असलेल्या ज्ञानभांडारात शतकांपूर्वीची ताडपत्रे टिकून राहिली, यालाही कोरड्या हवेची आणि जाड दगडी भिंतींची साथ होती. नगराबाहेरचा गडीसर तलाव पावसाचे पाणी साठवून शतकानुशतके नगराची तहान भागवीत राहिला.

अहमदाबादच्या पोळांमधील जुन्या घरांतही हाच विचार आढळतो. घराच्या मध्यभागी चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके. उघड्या चौकातून रात्री घराची उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि सकाळपर्यंत तळाशी गार हवा साचून राहते. अनेक जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या घरांत संसार केले. २०१७ मध्ये या जुन्या नगरास जागतिक वारसा नगराचा मान मिळाला.

वऱ्हाडाकडेही स्वतःची विद्या होती. गावाची वस्ती 'पांढरी'वर आणि शेती 'काळी'त, ही विभागणी आपल्या पूर्वजांनी उगाच केली नव्हती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घर धड उभे राहत नाही. म्हणून घरे पांढरीवर, दाटीने. हात-दीड हात रुंदीच्या माती-विटांच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर असलेले धाबे, पुढे ओसरी, आत चौक, चौकाभोवती माजघर. दुपारचे ऊन अशा जाड भिंतीतून आत झिरपायला दहा-बारा तास घेते. ते आत पोहोचते तेव्हा मध्यरात्र झालेली असते, बाहेरची हवा निवलेली असते आणि दारे-खिडक्या उघडून ते बाहेर घालवता येते. चार-पाच इंची उघडा स्लॅब मात्र हेच ऊन तीन-चार तासांत आत पोहोचवतो. संध्याकाळी घरातील माणसे जेवून आडवी होतात, नेमके तेव्हाच छत तव्यासारखे तापलेले असते.

याचा अर्थ सर्वांनी पुन्हा धाब्याच्या घरात जावे असा नाही. धाब्याची दरवर्षी डागडुजी करावी लागे. गळती, वाळवी, उंदीर हे त्याचे दोष होते आणि मजल्यावर मजला चढवणे शक्य नव्हते. सिमेंटने या अडचणी दूर केल्या. चूक सिमेंटची नाही, त्याच्या आंधळ्या वापराची आहे. मुंबई-पुण्यासाठी काढलेला नकाशा केनवडमध्ये जसाच्या तसा बांधला जातो, तेथे ती घडते.

केनवड उत्तर अक्षांशाच्या सुमारे २० अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि 'शून्य सावली'चा दिवस येतो. ऐन उन्हाळ्यातच सूर्य माथ्यावर असल्याने सर्वाधिक ऊन छतावर पडते. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत फारसे ऊन लागत नाही. यावरून उपायांचा क्रम आपोआप ठरतो : आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्या.

छतासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना. फाल्गुन सरता सरता गच्ची स्वच्छ धुऊन तिच्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर पुष्कळसे ऊन आल्यापावली परत जाते. अशा छतांखाली घरातील तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकते, असा अनुभव आहे. पाऊस पडून गेला की चुना धुपतो, म्हणून पुढच्या वर्षी तो पुन्हा द्यावा लागतो. ज्यांना टिकाऊ उपाय हवा, त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझॅक बसवावी. पश्चिमेकडे जिना, कोठार, न्हाणीघर अशा जागा ठेवल्या, तर ऊन त्यांच्या वाट्याला जाते आणि राहत्या खोल्या वाचतात. खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा हवा, आणि तिच्या समोरच्या भिंतीतही उंचावर झरोका हवा. वारा एका बाजूने आत आला तरी बाहेर पडायला वाट नसेल तर तो थांबतो. सकाळी नऊच्या आत सर्व दारे-खिडक्या ओढून घ्याव्यात आणि सूर्यास्तानंतर उघडाव्यात, ही आजी-पणजींची शिस्त आजही तितकीच खरी आहे.

विदर्भातील घरोघरी असलेल्या कूलरचे नावच मुळी डेझर्ट कूलर. हवा कोरडी असते तोवर ओल्या वाळ्यातून किंवा लाकडी भुश्श्यातून गेलेला वारा गार होतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग सरतो. हे यंत्र दिवसाला बादल्यांमागून बादल्या पाणी पिते, तेही टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांत. वातानुकूलन यंत्राचा हिशेब आणखी वेगळा आहे. ते उष्णता नष्ट करत नाही, आतली बाहेर टाकते. दाट बाजारपेठेत एका दुकानाने आत गारवा निर्माण केला, तर त्याची झळ समोरच्या हातगाडीवाल्याला, पायरीवर बसलेल्या हमालाला आणि शेजारच्या पत्र्याच्या दुकानाला सोसावी लागते. कधी कधी यंत्राला पर्याय नसतो, विशेषतः आजारी माणसाच्या खोलीत. पण छत पांढरे आणि भिंतीवर सावली असेल, तर तेच यंत्र कमी वेळ चालते, बिलही कमी येते आणि शेजाऱ्याला झळही कमी लागते.

उष्णता किती जीव घेते, हे अहमदाबादने २०१० मध्ये पाहिले. त्या मे महिन्यात तेथे नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारा, पाणपोया आणि रुग्णालयांची तयारी हे त्याचे भाग होते; गरिबांच्या वस्तीतील पांढऱ्या छतांची भर त्यात पुढे पडली. त्यानंतर नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे केले. केनवडसारख्या गावाला असा आराखडा कोणी वरून आणून देणार नाही. परंतु अडत दुकानाच्या दारात सावलीचे छप्पर टाकणे, हमालांच्या कामाची वेळ पहाटे आणि सायंकाळी नेणे, पाणपोईचे रांजण मे अखेरपर्यंत भरलेले ठेवणे, यांसाठी कोणाची मंजुरी लागत नाही. तुरीचे पोते पाठीवर घेणाऱ्या माणसाला दुपारी दोन ते चार विसावा देणे हीदेखील जीवदयाच आहे.

झाडांच्या बाबतीतही डोळसपणा हवा. कडुनिंबाला चैत्रात नवी पालवी फुटते. करंजही ऐन उन्हाळ्यात हिरवागार होतो. दोघेही सावलीची सर्वाधिक गरज असते तेव्हाच सावली देतात. गुलमोहर दिसतो सुंदर, पण एप्रिलमध्ये त्याच्या फांद्या बहुतेक उघड्याच असतात. रस्ते रुंद होताना जुन्या झाडांच्या रांगा अनेक ठिकाणी गेल्या. नवी लागवड दुभाजकातील शोभेच्या झुडपांवर थांबली, तर अनवाणी चालणाऱ्याच्या पावलाखाली सावली पडणार नाही. विहाराच्या मार्गावर, दर दोन-तीन कोसांवर पाच कडुनिंब लावून तीन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी एकेका गावच्या संघाने घेतली, तर तिचे फळ पुढच्या पिढीतील त्यागीवृंदालाही मिळेल.

या विचाराला आज विशेष निकड आहे. वाशीम जिल्ह्यातून ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्याच्या कडेने नवी नगरे वसवण्याची योजना शासनाने मांडली आहे. जुनी गावेही पांढरी सोडून रस्त्याच्या कडेने काळीत पसरत आहेत. नव्या जागी पहिली दुकाने, गोदामे आणि घरे बांधणारे बहुधा व्यापारीच असतात; त्यांचे पाहून बाकीचे बांधतात. अबूधाबीजवळील मसदर या नव्या नगराची आखणी करताना वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने अरुंद, सावलीच्या गल्ल्या आणि ४५ मीटर उंचीचा वारा खेचणारा मनोरा योजला. अफाट पैसा हाती असूनही ते नगर ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाले नाही. पण त्यातील सावलीची गल्ली ही जुन्या अरब नगरांचीच देणगी आहे. जैसलमेर आणि कारंजा यांसारख्या जुन्या व्यापारी नगरांचा वारसा सांगणाऱ्या समाजाला ती दूरवरून आयात करण्याची गरज नाही.

एखाद्या गावी नवा उपाश्रय बांधायचा ठरतो, तेव्हा चर्चा संगमरवराची, प्रवेशद्वाराच्या कमानीची आणि दात्यांच्या नामफलकाची होते. त्याच बैठकीत अभियंत्याला चार प्रश्न विचारले जावेत : छतावर काय घालणार? पश्चिमेला काय ठेवणार? वारा कोठून येऊन कोठून जाणार? पावसाचे पाणी कोठे साठणार? उत्तरे समाधानकारक वाटली तरी परीक्षा पुढे आहे. वास्तू पूर्ण झाल्यावर मे महिन्यातील एखाद्या दिवशी, दुपारी चार वाजता, संघाच्या विश्वस्तांनी सर्व बटणे बंद करून त्या सभागृहात दोन सामायिके करावीत. दीड-पावणेदोन तास तेथे स्वस्थ बसता आले, तर ती जागा साधू-साध्वींना देण्यास योग्य झाली. न आल्यास नामफलक बसवण्यापूर्वी छताकडे लक्ष द्यावे.