न ऐकू येणारी फितुरी

कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली शिरल्याची कबुली न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिली. सोबत खुलासाही होता : अणुभट्टीचे नियंत्रण वेगळ्या, बाहेर कुठेही न जोडलेल्या संगणकांवर चालते. तो खरा मानू. पण वायर तोडली म्हणजे वाट बंद झाली, हा भरवसा त्याच्या आधीच डळमळला होता.

जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतील दोन संशोधकांनी २०१३ मध्ये साध्या लॅपटॉपचे स्पीकर आणि मायक्रोफोन वापरून, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीतून जवळपास २० मीटरवर माहिती धाडली. वेग सेकंदाला अवघा २० बिट. या वेगाने एक एमबीचा फोटो पाठवायला चार दिवसांहून अधिक लागतील; आठ अक्षरी पासवर्डला मात्र तीन-चार सेकंद पुरे. चोराला फोटो कशाला हवा? आपले कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात, चाळिशीनंतर त्याहून बरेच कमी. त्यामुळे खोलीत बसलेल्या साहेबांना पत्ताही लागत नाही. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठाने २०१८ मध्ये स्पीकरलाच मायक्रोफोनसारखे ऐकायला लावले. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तोंडालाच कान फुटले!

हे सारे प्रयोगशाळेतले, हे मान्य. शिवाय संगणकात आधी फितूर शिरावा लागतो, आणि तो बहुधा पेन ड्राइव्हमधून येतो. इराणच्या नतान्झ केंद्रातला, २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट तसाच शिरल्याचे मानले जाते. म्हणून पहिला पहारा तिथेच हवा. दुसरा पहारा जवळजवळ फुकट आहे. ज्या संगणकावर गाणी ऐकायची नाहीत, त्याला स्पीकर आणि मायक्रोफोन हवेत कशाला? ते काढावेत, सॉफ्टवेअरमधून नुसते बंद केलेले फितूर पुन्हा चालू करू शकतो.

सांगली-साताऱ्याच्या उशाला सुमारे १९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांत, धरणांच्या नियंत्रण कक्षांत आणि बँकांत ही तपासणी झाली आहे का, हे संबंधित खात्यांनी सांगावे. संगणकाचा पंखा मात्र काढता येत नाही, आणि त्याचा वेग कमी-जास्त करूनही तासाला ९०० बिट पाठवता येतात, हे बेन-गुरियनच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. तो आवाज टिपायला जवळ ठेवलेला मोबाईल पुरतो. तेव्हा मोबाईल दाराबाहेरच्या कपाटात ठेवायचा, मग तो साहेबांचा का असेना.