विश्लेषण: गोव्याचा नागरी कायदा खरंच ‘समान’ आहे का?

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं उदाहरण हमखास दिलं जातं. पण तो मुळात १८६७ चा पोर्तुगीज कायदा. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही भारताने तो चालू ठेवला; खुद्द पोर्तुगालने मात्र १९६७ मध्ये नवी संहिता लागू केली.

फायदा काय? लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा वाटा. मृत्युपत्र स्वतःच्या निम्म्याच संपत्तीचं करता येतं; उरलेली मुलामुलींना समान.

मग अडचण कुठे? १८८० च्या हुकुमाने हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची सवलत दिली: पत्नीला २५ वर्षांपर्यंत मूल किंवा ३० पर्यंत मुलगा झाला नाही तर. म्हणून गोव्याकडून घ्यायचा तो मालमत्तेतला समान वाटा, ही सवलत नव्हे.