वैमानिक व्हायचंय? आधी हिशेब मांडू या



बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. फार्मसी की बी.एस्सी., आयटीआय की डिप्लोमा. या वर्षी मात्र एक गृहस्थ वेगळाच प्रश्न घेऊन आले. बावीस वर्षे कुवेतला गाडी चालवून ते आता गावी परतले आहेत. मुलगा आमचाच विद्यार्थी, दहावीपर्यंत आमच्या हाताखाली शिकलेला. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात त्याने चांगले गुण मिळवले आहेत. सोबत मुलाच्या अम्मीही होत्या.

"सर, पोरगा पायलट व्हायचं म्हणतो," ते म्हणाले. "एका फ्लाइंग स्कूलनं ३४ लाख सांगितलेत. या महिन्यात सगळे एकदम भरले तर दोन लाख सूट. कलमांची बाग विकायला काढू का?"

बाग त्यांच्या वडिलांनी लावलेली. वर्षाचा निम्मा खर्च तीवर निघतो. मुलाच्या पाठीवर दोन मुली आहेत, एक दहावीत, एक आठवीत. म्हणजे विकायची होती ती एकट्या मुलाची बाग नव्हती. आम्ही म्हटले, "भाईजान, रविवारपर्यंत कुठेही सही करू नका, पैसे भरू नका. तोवर आम्हीही चौकशी करतो."

चौकशी करायला आमच्याकडे एक जाणकार होता. आमचाच एक जुना विद्यार्थी सहा वर्षांपूर्वी याच वाटेने गेला. त्यानेही सर्वांत कमी फीची शाळा निवडली होती. आम्ही नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. त्याने सगळी फी आधीच भरली आणि पहिल्या तीन महिन्यांत विमानात जेमतेम नऊ तास बसला. कधी विमान दुरुस्तीला, कधी प्रशिक्षक नोकरी सोडून गेलेला, कधी पाऊस. वर्ष-दीड वर्षाचे शिक्षण साडेतीन वर्षांनी संपले. फोनवर तो म्हणाला, "सर, फी स्वस्त होती, शाळा स्वस्त नव्हती." या एका वाक्यात सगळे आले. पण ते कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून रविवारी आम्ही वही घेऊन बसलो.

आधी वाट समजून घेऊ

विमान कंपनीत वैमानिक व्हायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो. त्यालाच सीपीएल म्हणतात. किमान वय १८, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित. हे विषय नसतील तर मुक्त विद्यालयातून ते देता येतात. उड्डाणाचे किमान २०० तास लागतात. त्यांपैकी १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर विमान चालवलेले हवेत. त्याखेरीज हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा असतात. उत्तीर्ण व्हायला प्रत्येकीत ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा.

एवढे झाले तरी नोकरी लगेच मिळत नाही. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे ठरावीक विमान चालवण्याचे प्रशिक्षण पुढे घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचाच खर्च वीस लाखांच्या आसपास जातो. शाळांच्या रंगीत माहितीपत्रकात हा आकडा बहुधा नसतो.

हैदराबादच्या सय्यदा सलवा फातिमा यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. बेकरीत काम करणाऱ्या गृहस्थांची ही मुलगी २००७ मध्ये उड्डाण प्रशिक्षणाला गेली. तिला परवाना मिळाला तो २०१३ मध्ये. आणि परवाना हातात असूनही पुढच्या प्रशिक्षणाच्या पैशांसाठी तिला थांबावे लागले. राज्य सरकारची मदत मिळाली तेव्हा वाट मोकळी झाली. तिच्या जिद्दीचे कौतुक आपण करतोच. पण पालकांनी तिच्या वाटेतला तो थांबाही नीट पाहावा.

वहीतला हिशेब

भारतात २०० तासांच्या प्रशिक्षणाला आज साधारण ४० ते ६० लाख लागतात. त्याहून कमी सांगणाऱ्या शाळा आहेत. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना एक कोटीच्या घरात जातात. परदेशात जायचे तर तिथला खर्च, रुपयाचा भाव आणि परत आल्यावर परवाना भारतीय करून घेण्याचा खर्च हे तिन्ही धरावे लागतात.

आम्ही ३४ लाखांपासून सुरुवात केली. दोन इंजिनांच्या विमानाचे तास त्यात नव्हते. वसतिगृह व जेवण नव्हते. परीक्षा, वैद्यकीय तपासणी, गणवेश, हेडफोन काहीच नव्हते. हे सगळे आणि टाइप रेटिंग धरले तर आकडा साठ लाखांच्या पुढे गेला. मुलाचे अब्बा गप्प झाले. बाग विकून फक्त अर्धी वाट चालून झाली असती.

मग आम्ही दुसरे गणित केले. ते सातवीच्या मुलालाही येईल, पण शाळा निवडताना ते फारसे कोणी करत नाही. समजा एका शाळेत विमाने दहा आहेत, पण रोज उडण्याच्या स्थितीत चारच असतात. एक विमान दिवसाला सहा तास, महिन्याला बावीस दिवस उडते. चार सक चोवीस, चोवीस गुणिले बावीस, म्हणजे ५२८ तास झाले. विद्यार्थी १०० असतील तर एकाच्या वाट्याला महिन्याला सव्वापाच तास येतात. २०० तासांना तीन वर्षांहून जास्त लागतात. तीच चार विमाने आणि विद्यार्थी ४० असतील, तर महिन्याला तेरा तास मिळतात आणि काम सव्वा वर्षात संपते. यात पावसाळा धरलेलाच नाही.

उशिराची किंमत दुहेरी असते. वसतिगृहाला महिन्याला बारा हजार धरले तरी वीस महिने वाढले की दोन लाख चाळीस हजार गेले. शिवाय परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत स्वतः चालवलेले किमान १५ तास असावे लागतात. प्रशिक्षण रेंगाळले की जुने तास शिळे होतात आणि तेच तास पुन्हा पैसे भरून उडावे लागतात. आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले.

म्हणून फीचा आकडा पाहून शाळा स्वस्त की महाग हे ठरत नाही. पूर्ण झालेले २०० तास आणि त्यांना लागलेले महिने यांवरून ते ठरते.

शाळेत जाऊन काय विचारावे

पैसे भरण्याआधी दोन दिवस तिथे जाऊन राहावे. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी, बारामती, धुळे आणि शिरपूर इथे असे प्रशिक्षण चालते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून जावे लागते. कुठेही गेलात तरी हे पाहा.

पहिले, संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए या संस्थांना श्रेणीही देऊ लागली आहे. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जाहिरातीत "देशात अव्वल" वाचले की आपली श्रेणी विचारावी.

दुसरे, विमाने किती हे विचारू नका. आज सकाळी किती उडाली ते विचारा. विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, हेही विचारा आणि वरचे गणित तिथेच करा.

तिसरे, कार्यालयात कमी आणि वसतिगृहात जास्त बसा. मागच्या तुकडीतील मुलांना लॉगबुक दाखवायला सांगा. उड्डाणांची तारीखवार नोंद त्यात असते. दोन उड्डाणांमध्ये किती दिवसांची खाडी आहे ते डोळ्यांनी दिसते.

चौथे, फी हप्त्यांत आणि उडालेल्या तासांप्रमाणे घेतात का. मध्येच सोडावे लागले तर किती परत मिळतील. जास्तीच्या तासाचा दर काय. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले आहे की डीजीसीए-मान्य संस्थांतील मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमाला जीएसटी लागत नाही. कोणी तो लावत असेल तर कारण लेखी मागा.

इथे मुलाच्या अम्मी, ज्या तोवर काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, "सर, विमान बंद पडलं तर पोराच्या त्या महिन्यांचे पैसे कोण देणार? हे त्यांच्या कागदात आहे का?"

नव्हते. त्या कागदात पालकांनी काय करावे एवढेच होते, शाळेने काय करावे हे कुठेच नव्हते. देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद देणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे, हे आपण मुलांना मकतबात शिकवतो. आणि आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार तोंडी भरवशावर करून मोकळे होतो.

कर्जाचा प्रश्न

बाग न विकता कर्ज काढावे का, हा पुढचा प्रश्न होता. ५० लाख कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता ६६ हजारांवर जातो. एकूण परतफेड ७९ लाखांच्या पुढे जाते. त्यात शिक्षणाच्या काळातले व्याज धरलेले नाही. बँक एवढ्या रकमेला तारण मागते, म्हणजे बाग पुन्हा त्या कागदावर आलीच. व्याजाचा दीनी प्रश्न वेगळा आहे. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. त्याबद्दल आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. अल्पसंख्याकांसाठीच्या मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी जरूर करावी, पण या खर्चापुढे ती रक्कम लहान पडते. नातेवाइकांकडून कर्जे-हसना घ्याल तर तेही लिहून घ्या आणि फेडीची तारीख ठरवा.

आणि नोकरी? ती आहेही आणि नाहीही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्यांना वैमानिक लागणारच. पण किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. दर वेळी अनुभवी वैमानिक रांगेत आले आणि नवे मागे ढकलले गेले. परवाना मिळाल्यावर एक-दोन वर्षे थांबावे लागले तर घर चालेल का, याचे उत्तर आधी तयार हवे.

मग काय ठरले

मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याला वाटले, सरांनी स्वप्नच खोडून टाकले. तसे नाही. त्याला आम्ही तीन कामे दिली, तीही कमी खर्चाची.

आधी वैद्यकीय तपासणी. पहिली वर्ग दोनची, मग वर्ग एकची. लाखो रुपये भरल्यावर रंगांधळेपणा कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. चष्मा असला म्हणून लगेच निराश व्हायचे कारण नाही, तो चालू शकतो. दुसरे, डीजीसीएचा संगणक क्रमांक घेऊन घरी अभ्यास करून लेखी परीक्षा द्यायच्या. यासाठी शाळेत नाव घालावे लागत नाही. पेपर सुटले तर मुलाची तयारी सिद्ध होते. नाही सुटले तर बाग जागेवर राहते. तिसरे, सोबत बी.एस्सी.ला प्रवेश. वाट बंद झाली तर हातात पदवी असावी.

अब्बांनी विचारले, "आणि ती दोन लाखांची सूट?"

"जी सूट या महिन्यात आहे ती पुढच्या महिन्यातही असते," आम्ही म्हटले. अम्मी हसल्या.

हा मजकूर लिहीपर्यंत वर्ग दोनची तपासणी झाली आहे, अल्हम्दुलिल्लाह मुलगा पात्र ठरला. हवामानशास्त्राचे पुस्तक तो बागेतल्या माचावर बसून वाचतो, असे त्याच्या बहिणीने सांगितले. ती स्वतः प्रश्न विचारून त्याची उजळणी घेते. परवा शाळेत तिने आम्हाला विचारले, "सर, दहावीनंतर मीपण सायन्स घेतलं तर?" आम्ही म्हटले, "जरूर घे. बाग तुझीही आहे." पेपर सुटले तर हिवाळ्यात बापलेक दोन शाळा पाहायला जाणार आहेत, वही घेऊन.

आपल्या घरी कोणी आकाशाकडे पाहत असेल तर त्याला हसू नका आणि घाईने घरही विकू नका. मशवरा करा, हिशेब मांडा, कागद वाचा. मुलांना हलाल रोजी आणि आईबापांना त्यांची मेहनत सार्थकी लागल्याचे समाधान मिळो. आमीन.