नोंद हवीच, सवलत मात्र एकदाच

परदेशी पोपट, इग्वाना किंवा अजगर घरी बाळगणाऱ्याने त्याची नोंद सरकारकडे केली पाहिजे, असे नियम केंद्राने 28 फेब्रुवारी 2024 रोजी काढले. अर्ज परिवेश पोर्टलवर करायचा, शुल्क हजार रुपये आणि मुदत सहा महिने. ती मुदत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. वाद मात्र संपलेला नाही. हैदराबादेत हौसेने पक्षी पाळणारे म्हणतात, हा सरकारी जाच आहे. प्राण्यांसाठी झटणारे म्हणतात, ही चोरीला दिलेली माफी आहे. मला दोन्ही मते मान्य नाहीत, पण दुसऱ्या मताचे वजन पहिल्यापेक्षा जास्त आहे.

आधी पहिले मत घेऊ. "माझ्या घरातल्या पिंजऱ्याशी सरकारचा काय संबंध?" संबंध असा, की आफ्रिकन ग्रे पोपटाचे घर आफ्रिकेतल्या जंगलात आहे. तिथून तो इतका पकडला गेला, की 2016 मध्ये वन्यजीव-व्यापारावरच्या जोहान्सबर्गच्या परिषदेत रानातून धरलेल्या ग्रेच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी घालावी लागली. त्या परिषदेमागच्या करारात भारत 1976 पासून आहे. पण आपल्या वन्यजीव कायद्यात या परदेशी जातींना जागाच नव्हती. सीमाशुल्काच्या नजरेतून एकदा सुटलेला पक्षी पुढे हैदराबादच्या मुर्गी चौकातल्या पक्षीबाजारात आला काय आणि कुणाच्या दिवाणखान्यात गेला काय, तो कुठून आला हे विचारण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. 2022 च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. आता जवळ असलेला प्राणी कळवायचा, पिल्ले झाली तर कळवायचे, दुसऱ्याला दिला तरी कळवायचे. घराघरांत दिसणारे बजरीगर आणि कॉकाटील यात येत नाहीत, हेही सांगायला हवे, कारण त्यांच्या नावाने उगाच भीती पसरली आहे.

एक गोंधळ मात्र मुळापासून काढला पाहिजे. "आमच्या मिठूची नोंद कुठे करायची?" असे लोक सहज विचारतात. कुठेच करायची नाही, कारण आपला हिरवा, गळ्यात लाल कंठ असलेला पोपट घरी ठेवताच येत नाही. चांदणी कासवाचेही तेच. देशी वन्यप्राणी आधीच कुणाकडे असतील तर ते जाहीर करायला 2003 मध्ये 180 दिवस दिले होते. त्यानंतर वारसा सोडला तर अशी मालकी नव्याने मिळवण्याचा मार्ग राहिला नाही. पोपटाची पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढून, टोपलीत दाटीने भरून शहरात येतात, आणि त्यातली बरीच वाटेतच मरतात. जे पिल्लू जगते, त्याला आपण प्रेमाने मिरची भरवतो. त्या प्रेमाची सुरुवात घरटे लुटण्यापासून झालेली असते. इथे नोंदणीची सोय नाही, हेच योग्य आहे.

"नाव दिले की उद्या वनखात्याची गाडी दारात," हा दुसरा आक्षेप. 2020 च्या जूनमध्ये केंद्राने ऐच्छिक घोषणेची योजना आणली, तेव्हा सहा महिन्यांत सांगणाऱ्याकडे प्राणी कुठून आणला याचा कागदसुद्धा मागायचा नाही असे ठरले होते. इतकी मुभा मिळूनही ज्याने तोंड उघडले नाही, त्याने सापळ्याची तक्रार कशाच्या जोरावर करावी? अमेरिकेचा अनुभवही पाहावा. ऑक्टोबर 2011 मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिल गावाजवळ एका माणसाने आपल्या खासगी संग्रहातले पिंजरे उघडले आणि स्वतःचा जीव घेतला. अंधार पडत असताना वाघ आणि सिंह रस्त्यावर आले. पोलिसांनी 18 वाघांसह बहुतेक सगळी जनावरे गोळ्या घालून मारली. त्या जनावरांचा दोष एवढाच की ती तिथे होती. पुढे 2022 च्या डिसेंबरात तिथे संघराज्याचा कायदा झाला. ज्यांच्याकडे वाघ-सिंह आहेत त्यांनी 18 जून 2023 पर्यंत नोंद करावी, जनावर मरेपर्यंत सांभाळावे, पण प्रजनन करू नये आणि लोकांना त्याला हात लावू देऊ नये. नोंद करणाऱ्याच्या घरातून जनावर उचलून नेणे हा त्या कायद्याचा हेतू नव्हता.

तिसरा आक्षेप असा, की कागदाने जनावराचे काय भले होते? इथे हत्तीकडे पाहावे लागते. मुहर्रमच्या दहाव्या दिवशी हैदराबादेत दबीरपुऱ्याहून चादरघाटकडे निघणारा बीबी का आलम हा पवित्र ध्वज हत्तीवर असतो. बोनालू उत्सवात हरीबावलीच्या अक्कन्ना-मादन्ना मंदिराचा घटम, म्हणजे कलशही हत्तीवरून निघतो. प्राणिसंग्रहालयातली रजनी हत्तीण हे काम करायची. पुढे बाहेरून हत्ती आणण्याची वेळ आली, आणि हैदराबादची वाट कोल्हापुरापर्यंत पोचली. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला वनखात्याच्या परवानगीविना तेलंगणात मिरवणुकीसाठी नेल्याचा आरोप न्यायालयासमोर आला. उच्चाधिकार समितीला तिच्या पायांत जखमा आणि बेसुमार वाढलेली नखे आढळली. मुंबई उच्च न्यायालयाने 16 जुलै 2025 रोजी तिला जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात पाठवण्याचा निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच महिन्यात कायम ठेवला. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसे चालत गेली. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिच्या पायांची अवस्था त्या मायेला दिसली नाही, ती तपासणीला दिसली. आणि राज्याबाहेर नेताना परवानगी घ्यावी लागते, असा नियम होता म्हणूनच ती घेतली का, हे विचारता आले.

तरीही हा आक्षेप निम्मा खरा आहे. मालकी प्रमाणपत्र देण्याआधी जनावराला जागा, देखभाल आणि निवारा पुरेसा आहे का, हे मुख्य वन्यजीव रक्षकाने पाहावे, असे कायद्याचे 42 वे कलम सांगते. हे पाहणे प्रमाणपत्र देताना होते. नंतर वर्षानुवर्षे कोण जाते? दरवर्षी पशुवैद्याने तपासून शेरा लिहावा, आणि शेरा वाईट असेल तर प्रमाणपत्र थांबावे. ही दुरुस्ती मागण्याऐवजी नोंदच नको म्हणणे म्हणजे रुग्णाची नाडी कुणी पाहत नाही म्हणून दवाखानाच बंद करा म्हणण्यासारखे आहे.

आता ज्या मताचे वजन जास्त आहे ते. माफीच्या योजनेत चोरटा माल साव होतो, असे अभ्यासक म्हणतात, आणि 2020 च्या योजनेबाबत ते बरोबर म्हणतात. कागद न विचारता नोंद दिल्याने रानातून धरलेला पक्षी "पिंजऱ्यात जन्मलेला" म्हणून कागदोपत्री उभा राहू शकतो. मी ही किंमत मान्य करतो, कारण तिच्या बदल्यात एक तारीख मिळते. तारखेच्या आधीचे प्राणी कोणते हे ठाऊक झाले, तरच त्यानंतर आलेला ग्रे ओळखता येतो. यादीच नसेल तर तपास करणाऱ्यापुढे सगळे पक्षी सारखेच. पण ही किंमत एकदाच मोजता येते. 2003 झाले, 2020 झाले, 2024 झाले. चौथ्यांदा मुदत दिली, तर तस्कर पाचवीची वाट पाहत माल साठवील. म्हणून यापुढे माफी नको, आणि पिल्लांच्या नोंदी आईबापांच्या जनुकीय चाचणीशी ताडून पाहाव्यात, नाहीतर एका नोंदणीकृत जोडीच्या नावावर कितीही पिल्ले खपतील.

सैफाबादच्या अरण्य भवनातल्या वनखात्याकडे माझी मागणी साधी आहे. मुर्गी चौकापासून मॉलमधल्या पेट शॉपपर्यंत प्रत्येक दुकानात कोणत्या जातींना नोंद लागते आणि कोणत्या विकताच येत नाहीत, याचा फलक तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत लावायला सांगा, आणि मकाव किंवा सन कॉन्युर विकणाऱ्याने नोंदीचा क्रमांक पावतीवरच छापावा.