सुटे भाग : बारा गेले, आठ आले

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानाची ग्राफिक्स कार्डांची जाहिरात आठवडाभर व्हॉट्सॲपवर फिरतेय. 'जुनं ३०६० आणा, नवं ४०६० न्या, फरक रोख.' शेजारी वर चढणारा हिरवा बाण आणि 'डबल स्पीड'. बाण काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून दुर्लक्ष केलं होतं. पण धुळ्याच्या देवपुरातून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका वाचकाचा फोन आला. त्यानं ही अदलाबदल करून टाकली होती. ''भो, नवं कार्ड टाकं, तरी बी अडकस,'' एवढंच म्हणाला. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर थोड्या वेळानं 'जीपीयू मेमरी फुल'ची पाटी येते. आधीच्या कार्डावर त्याच प्रोजेक्टला ती कधी आली नव्हती.

येईलच. १२ जीबी देऊन ८ जीबी घरी आणली, वर रोख मोजली.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. पहिल्याची जाहीर किंमत ३२९ डॉलर, दुसऱ्याची २९९. स्वस्त झालं म्हणून टाळ्या वाजल्या. मेमरी १२ जीबीवरून ८ वर आली, बस १९२ बिटवरून १२८ वर आणि सेकंदाला मेमरीतून वाहणारा डेटा ३६० जीबीवरून २७२ वर. कोअरसुद्धा ३५८४ होते, ते ३०७२ झाले. तरी गेममध्ये नवं कार्ड साधारण १५ ते २० टक्के पुढे जातं, हे खरं आहे. कारण बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्‌झवरून २४६० वर गेला आणि चिपमधला एल-टू कॅश ३ एमबीवरून एकदम २४ एमबी झाला. म्हणजे नळाची धार बारीक केली आणि घरात मोठा रांजण आणून ठेवला. धुळेकराला रांजणाचं महत्त्व मी सांगायला नको. रोजच्या वापराला तो पुरतो. पण लग्नाचं वऱ्हाड उतरलं की तळ दिसतो. देवपुरातल्या पोराचं तर कामच वऱ्हाडाचं आहे : ४केचं फुटेज, वर कलर, त्यावर टायटल, खाली ड्रोनचे शॉट.

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती वेगळीच ओळ. दुकानदार ती कधी वाचून दाखवत नाही. ३०६० मदरबोर्डाशी १६ लेननं बोलतं, ४०६० फक्त ८ लेननं. नव्या, पीसीआय-ई ४ च्या बोर्डावर ते फारसं जाणवत नाही. आता आपल्याकडची मशिनं बघा. जळगाव-धुळ्यातले निम्मे एडिटिंग पीसी म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेले सांगाडे, त्यात नवं एसएमपीएस आणि कार्ड घातलेलं. या पोराचा आय-फाइव्ह दहाव्या पिढीचा. इंटेलच्या त्या पिढीपर्यंत पीसीआय-ई ३ च मिळतं. तिथं १६ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ८ लेनमधून ८. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला डेटा याच वाटेनं साध्या रॅममध्ये जातो आणि येतो. म्हणजे २७२ च्या हिशेबानं चालणारं काम थेट ८ वर येऊन आपटतं. जुन्या कार्डाची मेमरी भरायला वेळ लागायचा आणि भरली तरी वाट दुप्पट रुंद होती. नव्याची लवकर भरते आणि वाटही अरुंद. नवं कार्ड जुन्या मशिनवरच जास्त लंगडतं आणि एक्स्चेंजची ऑफर नेमकी जुन्या मशिनवाल्यांसाठीच असते.

मग 'डबल स्पीड' कुठून आला? फ्रेम जनरेशनमधून. गेममधल्या दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक स्वतः रचून घालतं आणि आकडा फुगतो. टाइमलाइनवरच्या लग्नाला त्याचा काडीचा उपयोग नाही. नवरदेवानं हार घातला आणि घातला नाही, यांच्या मधली फ्रेम कार्डानं कल्पनेनं रचावी, असं म्हणणारा यजमान मला अजून भेटलेला नाही.

वीज वाचते, हे मान्य. १७० वॉटच्या जागी ११५. रोज आठ तास पूर्ण ताकदीनं चालवलं तर महिन्याला १३ युनिट वाचतील. उन्हाळ्यात तेवढी उष्णताही कमी, आणि ४५ अंशांच्या जळगावात ही लहान गोष्ट नाही. अर्थात, त्याच पोरांना दुकानदार पुढून काचबंद, आतून रंगीत दिव्यांचं कॅबिनेट विकतात, जिथं हवा शिरायला फट नसते. खान्देशात कार्डं जळतात ती या काचांमुळेच, असं माझं ठाम मत आहे. आकडेवारी मागू नका.

नावांबद्दल या स्तंभात पूर्वीही रडून झालंय. १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबीत नुसती मेमरी नव्हे, कोअरही वेगळे होते, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये १२ जीबीचं '४०८०' बाजारात यायच्या आधीच एनव्हिडियाला मागे घ्यावं लागलं, इतकी ओरड झाली. आणि त्याच महिन्यात ३०६० च्याच नावानं ८ जीबी, १२८ बिटचं कार्ड गुपचूप आलं, सेकंदाला २४० जीबीवालं. त्यावर तेवढी ओरड झाली नाही. तेव्हा 'जुनं ३०६०' म्हणजे कोणतं, हेही त्या जाहिरातीनं सांगितलेलं नाही. १२ जीबीवालं असेल तर दुकानदाराला ते हवं असणारच. घरच्या मशिनवर एआय मॉडेल चालवून बघणारी इंजिनिअरिंगची पोरं सेकंडहँडमध्ये तेच शोधत फिरतात.

कॅमेरा ४:२:२ टेन-बिट शूट करत असेल, तर ३०६० आणि ४०६० दोन्ही ते फुटेज हार्डवेअरवर उलगडत नाहीत. ती सोय ५० च्या मालिकेत आली. २०२५ च्या ५०६० मध्ये ती आहे आणि मेमरीचा वेग ४४८ वर गेलाय, पण जीबी पुन्हा आठच, लेनही आठच. १६ जीबी हवी तर ५०६० टीआय घ्यावं लागतं आणि तेही ८ जीबीत त्याच नावानं विकलं जातं. सवय जात नाही.

माझा निकाल असा : फक्त गेम खेळता आणि बोर्ड नवा आहे, तर ४०६० वाईट नाही. एडिटिंग किंवा ब्लेंडर करता आणि हातात १२ जीबीचं ३०६० आहे, तर ते कुणाच्याही बाणाला भुलून देऊ नका. अदलाबदल करायचीच असेल, तर दुकानातच मशिन चालू करायला लावा, जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा, मेमरी साइज आणि बस विड्थ हे दोन रकाने वाचा आणि तेच आकडे बिलावर लिहून घ्या. दुकानदार लिहून देत नसेल, तर कार्ड काउंटरवर ठेवा आणि जिना उतरा.