पाऊस परतल्यावर

मुलांनो, झाडे लावण्याचा सोहळा तुम्ही पाहिला असेल. जुलै महिना येतो, पाहुणे जमतात आणि शाळेच्या आवारात रोपे लागतात. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केल्यापासून ही प्रथा देशभर रुजली. प्रथा चांगलीच आहे. परंतु माझे मत विचाराल, तर लावणीचा दिवस सोपा असतो. त्या दिवसांत माळ्याचे काम आभाळच करीत असते. रोप जगणार की मरणार, याचा निकाल लागतो आश्विनात, आणि त्या वेळी बागेत कोणीच नसते.

आमचे डोणगाव बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात आहे. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात येथून मोसमी पाऊस बहुधा परततो. शरदाचे चांदणे मनाला मोहविते खरे, पण दिवसाचे ऊन चटके देते. वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मग तिला भेगा पडतात. त्या भेगांतून खोलवरची ओल उडून जाते, कोवळी मुळे ताणली जाऊन तुटतात. आरंभी जमीन ओलसर भासते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. मीही राहिलो होतो. मुख्याध्यापक असताना एका वर्षी शाळेत लावलेल्या रोपांपैकी निम्मी दिवाळीच्या सुटीत वाळून गेली. दोष पावसाचा नव्हता. सुटी लागण्यापूर्वी तासभर खुरपे हाती घेण्याचे मला सुचले नाही.

शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे तो म्हणतो आणि कपाशीत डवरा फिरवतो. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात व खालची ओल खालीच राहते. बागेतही हेच करावे. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून बुंध्याशी घातलेली मातीची भर आता थोडी ओढून भोवती आळे करावे, आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा. तो बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये. वाळवी लागण्याचे भय असते. हाच पाचोळा कित्येक जण झाडून पेटवून देतात. ज्या पांघरुणाने मातीची ओल राखावयाची, त्याचाच धूर करण्यात कोणते शहाणपण आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

परसातील रिकाम्या वाफ्यांत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरण्याचा हाच काळ. धणे आधी हलके रगडून दुभंगावेत. मेथी चार-पाच दिवसांत मान वर काढते; कोथिंबीर त्याहून बरीच वाट पाहावयास लावते. उतावळ्या मुलांनी माती उकरून पाहू नये!

वेलीवरचा एक उत्तम दोडका मात्र तोडू नये. तो वाळला की कानाशी धरून हलवावा. आत बिया खुळखुळतात. त्या राखेत घोळून मडक्यात ठेवल्या, की पुढच्या मृगाला बियाणे घरचेच असते.

म्हणून मला वाटते, जुलैतील सोहळ्याप्रमाणे प्रत्येक शाळेने आश्विनातही एक दिवस राखून ठेवावा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याला योग्य. पाहुणे नकोत, भाषण नको. खुरपी आणि घमेली आणावीत, आणि सुटीत कोणत्या दिवशी कोणी पाणी घालावयाचे, त्यांच्या नावांची यादी फाटकावर लावावी.